चहा न घेणारा आमदार

मंत्र्याच्या टेबलावरचा चहा नको म्हणणारा आमदार तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिलाय. इतकंच नाही, तो तसा झाला त्यात माझा हात आहे, आणि बरीच वर्षं मी ही गोष्ट छाती फुगवून सांगत आलो. आता सांगताना छाती तितकी फुगत नाही.

जालन्यात माझा विम्याचा धंदा आहे, पण त्यासाठी मला कुणी ओळखत नाही. लोक ओळखतात ते माईकमुळे. लग्न असो, सत्कार असो, कुणा गुरुजींची सेवानिवृत्ती असो की कापडाच्या दुकानाचं उद्घाटन, निवेदनाला मला बोलावणं येतं. शोकसभेतसुद्धा. तिथे मी आत लोकांना रडवतो आणि बाहेर चपला शोधताना हसवतो. आमची बायको म्हणते, या माणसासमोर गर्दी उभी करा, टाळ्यांसाठी हा मलासुद्धा स्टेजवर चढवून नाचायला लावील. मी म्हणतो, तू नाचशील तर लावीन की. ती हसत नाही. या एकाच प्रेक्षकापुढे माझं काही चालत नाही.

तर भाऊ. भाऊ म्हणजे माझा कॉलेजपासूनचा दोस्त. पुढे सगळा तालुका त्याला भाऊ म्हणायला लागला, म्हणून चारचौघांत मीही 'भाऊ, तुम्ही' करायचो आणि दोघंच असलो की 'अरे' वर यायचो. तालुक्याच्या गावी त्याचं बी-बियाणांचं दुकान होतं. एका पक्षात त्याने उमेदीची सगळी वर्षं घातली. भिंती रंगवल्या, सतरंज्या उचलल्या, नेत्यांच्या गाड्यांमागे धूळ खात पळाला. विधानसभेच्या तिकिटाची वेळ आली तेव्हा ते तिकीट एका बड्या माणसाच्या जावयाला गेलं. जावई राहायला पुण्यात. मतदारसंघातली गावं त्याला नकाशावर बोट ठेवून दाखवावी लागत. भाऊ तसा शांत माणूस, पण या वेळी त्याने अपक्ष अर्ज भरला.

चिन्ह मिळालं टेबल पंखा. आमच्याकडे दिवसाचा अर्धा वेळ लाईट नसते, त्यामुळे लोक आधी पोट धरून हसले. मी ते हसू उचललं आणि जीपवरच्या भोंग्यातून गावोगाव सांगत फिरलो की हा पंखा लाईट नसली तरी फिरतो, बघा, सकाळपासून तुमच्याच दारात फिरून राह्यलाय. लोकांना ते आवडलं. पोरं जीपमागे पळत तेच वाक्य ओरडायची.

भाऊचं आश्वासन एकच होतं. आमच्या मतदारसंघात एक नदी आहे आणि तिच्या पलीकडे दोन-तीन गावं. पावसाळ्यात पाणी चढलं की तिथल्या लोकांना तालुक्याला यायचं तर पार घनसावंगीकडून वळसा. उन्हाळ्यात पात्रातून चालत यायचं. बाळंतीण असो की कापसाची गाठोडी, सगळं डोक्या-खांद्यावर. प्रत्येक निवडणुकीत प्रत्येक उमेदवार तिथे पूल बांधून जायचा, तोंडाने. भाऊ म्हणाला, मी बाकी काही बोलणार न्हाई. पूल. झाला तर मला पुन्हा निवडून द्या, न्हाई झाला तर दारात उभं करू नका.

शेवटची सभा तालुक्याच्या बाजारतळावर होती. त्या दिवशी सकाळी आम्ही राजूरला गेलो होतो, गणपतीचं दर्शन घ्यायला, आणि तिथला प्रसादाचा नारळ स्टेजवरच्या टेबलावर होता. माझी प्रस्तावना रंगात आली असताना गर्दीतून एक म्हातारा उठला. डोक्याला टॉवेल, हातात बिडी. सरळ आवाजात म्हणाला, "ते समदं बराबर हाये. पण अपक्ष म्हंजे बिनदाव्याचं जनावर. निवडून आल्यावर कुणाच्या गोठ्यात शिरणार, तेवढं सांगा."

सगळं मैदान हसलं. भाऊचा चेहरा पडला. आणि मी, देवा, माझ्या हातात माईक होता.

मी तो नारळ उचलला. भाऊला पुढे ओढलं आणि म्हणालो, "भाऊ, तुम्हाला राजूरच्या गणपतीची शपथ. सरकारात बसलेल्या कुणाचंही मीठ तुम्ही खाणार नाही." टाळ्या पडल्या. इथे थांबायला हवं होतं. याचा अर्थ मोघम होता, मोठा होता आणि राजकारणात पाळायला सोपा होता. पण टाळ्या पडल्या की माझ्या जिभेला चाकं फुटतात. मी म्हणालो, "मीठ तर लांबच राहिलं. त्यांच्या घरचा चहाचा घोट घेणार नाही, पाण्याचा थेंब घेणार नाही." आता टाळ्यांबरोबर शिट्ट्याही आल्या.

यातलं काहीच आधी ठरलेलं नव्हतं. भाऊने माझ्याकडे एकदा बघितलं. मग नारळावर हात ठेवला आणि माईकमध्ये तोंड घालून म्हणाला, "घेतली."

भाऊ निवडून आला.

माझी समजूत अशी की शपथ ही सभेपुरती असते. नवरदेवाला उखाणा घ्यायला लावतो तशी. भाऊची समजूत तशी नव्हती. मुंबईला पहिल्यांदा निघाला तेव्हा त्याच्या पिशवीत पाण्याची बाटली, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती. आम्हाला वाटलं, प्रवासाला असेल. तो प्रत्येक वेळी ते घेऊन जायला लागला. मंत्र्याच्या दालनात काम घेऊन जायचा, नीट बसायचा, नीट बोलायचा आणि चहा आला की हात जोडायचा. साहेब, माफ करा, माझं पाणी सोबत आहे. आणि खरोखर पिशवीतून बाटली काढून दोन घोट घ्यायचा, म्हणजे समोरच्याला वाटू नये की याला तहानच नाही.

आता आपल्याकडची रीत बघा. आपल्याकडे माणूस काम घेऊन येतो तेव्हा काम आधी बोलत नाहीत. आधी चहा येतो. चहा घेतला म्हणजे आपण एकमेकांचे झालो, मग बोलू. चहा घेतला नाही म्हणजे एक तर सुतक आहे, नाही तर वैर. कर्जाला नकार देणारा बँकेचा साहेबसुद्धा आधी चहा पाजतो. आणि हा गडी मंत्र्यांच्या, सचिवांच्या, अगदी त्यांच्या स्वीय सहायकांच्या कपांना हात जोडत फिरत होता. लोक आधी हसले, मग चिडले. मग त्याची कामं ढिगाच्या तळाला जायला लागली. कुणी नाही म्हणायचं नाही. नुसतं व्हायचं नाही.

आणि मी काय करत होतो? मी ही गोष्ट सांगत होतो. प्रत्येक लग्नात, वऱ्हाड यायला उशीर झाला की, मी 'चहा न घेणारा आमदार' करायचो. भाऊचा हात जोडण्याचा अभिनय, पिशवीतून बाटली काढण्याचा अभिनय, मंत्र्याचा पडलेला चेहरा. शहागडला एका ढाब्यावर ट्रकवाल्यांनी माझ्याकडून ही गोष्ट ऐकून मला जेवणाचे पैसे देऊ दिले नव्हते. लोक म्हणायचे, काय इमानदार माणूस आहे, आणि डोळे पुसायचे, हसून हसून.

एकदा वहिनींचा, म्हणजे भाऊच्या बायकोचा फोन आला. त्या मला भाऊजी म्हणतात. म्हणाल्या, मुंबईला गेले की दिवस दिवस शिळ्या दशम्यांवर राहतात, पित्ताने हैराण झालेत. मग म्हणाल्या, "भाऊजी, लहानपणी आपण शपथ घालायचो तेव्हा ज्याने घातली त्यानेच 'सुटली' म्हणायचं असायचं. म्हटलं की सुटायची. तुम्ही घातली ना? मंग तुम्हीच म्हणा की सुटली. तुमचं काय जातंय."

मी म्हणालो, म्हणतो की वहिनी, त्याला भेटलो की लगेच म्हणतो.

भेटलो तर अनेकदा. म्हटलं नाही. तेव्हा मी स्वतःला कारण असं दिलं की या शपथेमुळेच लोक त्याला मानतात, ती सुटली तर पुढची निवडणूक हातची जाईल. ते कारण अगदीच खोटं नव्हतं. पण त्याच्या मागे दुसरं उभं होतं: ती सुटली की माझी गोष्ट संपत होती. चहा घेणाऱ्या आमदाराची गोष्ट कोण ऐकतं?

मग तो दिवस आला. भाऊच्या मुदतीचं शेवटचं वर्ष होतं. पुलाचा प्रस्ताव चार हातांतून फिरून पुढे सरकला होता, आणि ज्या मंत्र्यांची त्यावर शिफारस लागणार होती ते जालन्याला आले होते. विश्रामगृहावर भाऊला वेळ मिळाली. भाऊ म्हणाला, तू चल, मला एकट्याला बोलायला जमत न्हाई. मी नवा सदरा घालून गेलो.

खोली भरलेली होती. साहेबांचे कार्यकर्ते, अधिकारी, दारात पोलीस. मंत्री माणूस म्हणून चांगला होता, हे मी आजही सांगतो. त्यांनी कागद वाचले, नकाशा पाहिला, पलीकडच्या गावांची नावं विचारली. म्हणाले, हे तर आधीच व्हायला पाहिजे होतं. भाऊने माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत तो तसा हसलेला मी पाहिला नव्हता.

आणि ट्रे आला.

साहेबांनी स्वतः कप उचलून भाऊपुढे धरला. भाऊने हात जोडले. म्हणाला, साहेब, माफ करा, मी पाणी सोबत आणलंय. साहेबांनी कप तसाच धरून ठेवला. त्यांना ही भानगड ठाऊक असणार, पण मंत्र्याचा पुढे केलेला हात सगळ्यांदेखत तसाच राहतो हे काही बरं दिसत नाही. ते थोडं हसून म्हणाले, "का हो आमदार, आमच्या चहात विष आहे का?"

मला 'सुटली' म्हणता आलं असतं. एकच शब्द होता. खोलीत लहान मुलांसारखा वाटला असता, पण म्हणता आला असता. त्याऐवजी माझ्या तोंडून आलं, "साहेब, विष असतं तर घेतलं असतं त्यांनी. शपथ फक्त चहापाण्याची आहे."

खोलीत हशा फुटला. कार्यकर्ते मांड्यांवर थापा मारून हसले, अधिकारी रुमाल तोंडाला लावून हसले, दारातल्या पोलिसाची टोपी हलली. असा हशा मला आयुष्यात फार थोड्या वेळा मिळालाय. साहेबही हसले, सगळ्यांच्या शेवटी. कप ट्रेमध्ये ठेवला. कागद बंद करून शेजारच्या माणसाकडे दिले आणि म्हणाले, बघू.

पूल झाला. दुसऱ्या तालुक्यात झाला, अशा नाल्यावर ज्यात बैलही गुडघ्यापर्यंत भिजत नाही. पुढच्या निवडणुकीत विरोधकांनी एवढंच म्हटलं की चहा प्यायला असता तर पूल आला असता, आणि ते खरं होतं. चिन्हही पंखा मिळालं नाही. भाऊ हरला, आणि शब्द दिल्याप्रमाणे पुन्हा कुणाच्या दारात उभा राहिला नाही. दुकान मुलाकडे दिलं आणि मळ्यात मोसंबी लावून बसला.

मी गोष्ट सांगणं बंद केलं का? उलट तिला आता शेवट मिळाला होता, विषाचा. एका लग्नात मी ती सांगत असताना समोरच्या रांगेत भाऊ बसलेला दिसला. मी अडखळलो. त्याने हाताने खूण केली, चालू दे. लोक हसले तेव्हा तोही हसला. त्या दिवशी घरी येताना बायको म्हणाली, त्या माणसाला समोर बसवून कसं सांगवलं तुम्हाला? मी म्हणालो, तोच म्हणाला, चालू दे. ती म्हणाली, पाहुणा जेवताना भाजी खारट झाली तरी चालू दे म्हणतो.

यंदाच्या हिवाळ्यात वहिनींचा पुन्हा फोन आला. सत्तेतला एक पक्ष भाऊच्या घरी आला होता. तिकीट देतो म्हणत होता, आणि सोबत पूलही. भाऊने त्यांना मळ्यातली मोसंबी दिली आणि नाही सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, आता तरी म्हणा."

या वेळी मी दुसऱ्या दिवशीच गेलो. भाऊ मोसंबीच्या झाडांना आळी करत होता. मी भूमिका वगैरे काही मांडली नाही. बांधावर उभा राहिलो आणि म्हणालो, "सुटली."

तो खोरं टेकून उभा राहिला. "काय सुटली?"

"शपथ. राजूरची. मी घातली होती, मी सोडवतो. फार आधी सोडवायला पाहिजे होती. माझी चूक झाली, भाऊ. माझ्यामुळे तुझं सगळं गेलं." हे सांगताना माझा गळा भरून आला, आणि खोटं कशाला बोलू, गळा छान भरून आला हेही मला जाणवलं.

भाऊने हाताची माती झटकली. मग म्हणाला, "तू घातली न्हवती. नारळावर हात माझा होता. मला न्हाई म्हणता आलं असतं, मी घेतली म्हणालो. ती माझी हाये, मी सांभाळीन. तिच्यापायी मला काही दुःख न्हाई."

मला वाटलं, संपलं. इतकी वर्षं वागवलेलं ओझं असं अलगद उतरलं याचा मला थोडा अपमानच वाटला. पण त्याचं संपलं नव्हतं.

"तुझी चूक दुसरी हाये," तो म्हणाला. "त्या दिवशी साहेबांनी विष म्हणून विचारलं तेव्हा माझ्याकडं बघून राह्यले होते. त्यांच्या डोळ्यात राग न्हवता रे. मी खाली वाकून सांगणार होतो, देवाचं हाये साहेब. ते म्हणले असते, मंग राहू द्या. त्यांची आई राजूरची चतुर्थी धरायची, मला ठाऊक होतं. मी तोंड उघडलं आन् तू बोललास. सगळी खोली हसली. चारचौघांत हसू झाल्यावर मोठ्या माणसाला मागं येता येत न्हाई."

मी काहीतरी बोलायला गेलो. त्याने खोरं उचललं.

"मला कशाला सांगून राह्यला? माझं काय गेलं, एक आमदारकी. पूल त्यांचा गेला. नदीपलीकडं जा आन् त्यांना सांग."

मी गेलो. गंमत अशी की त्या गावांसाठी मी भोंग्यातून इतकं ओरडलो होतो, पण तिथे गेलो होतो ते नेहमी जीपमधून, सुक्या दिवसांत. या वेळी वरच्या धरणातून पाणी सोडलेलं होतं. पँट गुडघ्याच्या वर दुमडली, बूट हातात घेतले. माझ्यापुढे एक बाई डोक्यावर पिठाचा डबा घेऊन चालली होती. दळण आणायलाही या काठावर यावं लागतं, हे मला माहीत नव्हतं. मध्यावर माझा पाय शेवाळावर घसरला तेव्हा ती मागे न बघता म्हणाली, डाव्या अंगानं या, तिथं वाळू हाये.

मारुतीच्या पारावर पाच-सहा माणसं होती. मला लगेच ओळखलं. या या, बसा, म्हणाले, एकाने चहा सांगितला, आणि दुसरा लगेच म्हणाला, "तेवढं भाऊचं सांगा ना, चहाचं. आमच्या पोरांनी ऐकलं न्हाई तुमच्या तोंडून."

मी म्हणालो, तेच सांगायला आलोय. पण आज नीट ऐका. मी उभा राहिलो नाही, बसूनच सांगायला लागलो. अभिनय केला नाही. बाटली काढून दाखवली नाही. विश्रामगृह सांगितलं, नकाशा सांगितला, साहेबांनी तुमच्या गावांची नावं विचारली हे सांगितलं. हे मी आजवर कधीच सांगत नव्हतो, कारण त्यात हसण्यासारखं काही नाही. साहेबांनी कप पुढे धरला, मी म्हणालो, आणि विचारलं, आमच्या चहात विष आहे का. भाऊ बोलायला वाकले. आणि तेव्हा मी—

"विष असतं तर घेतलं असतं त्यांनी," मागून एक जण म्हणाला. अगदी माझ्या आवाजात, माझ्यासारखी मान तिरकी करून.

सगळा पार हसला. मनापासून, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत हसला. मी म्हणत होतो, थांबा, ऐका, ते सांगायचंय मला, तिथेच चूक झाली, तिथेच तुमचा पूल गेला. पण माईक नव्हता आणि हसण्यात कुणाला ऐकू गेलं नाही. एक जण डोळे पुसत म्हणाला, काय माणूस होता राव भाऊ, आणि काय तुम्ही. मग त्याने घड्याळ बघितलं, पाणी वाढायच्या आत पलीकडे दूध पोचवायचं होतं त्याला. कॅन खांद्यावर घेतले, धोतर खोचलं आणि अजून हसतच नदीत उतरला.